काळ्या पाषाणावरचे इंधन : नांदेड-लातूरमधील ऊस आणि गोड ज्वारी

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील बहुतेक भूमी दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तयार झालेल्या काळ्या पाषाणावर वसलेली आहे, आणि या प्रदेशाचा इंधनाचा इतिहास समजून घेताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. लातूर जिल्ह्यातील ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारी येथे ६१७ मीटर खोल विंधन केले, तेव्हा वरचा ३३८ मीटरचा थर बेसॉल्टचा, त्याखाली जेमतेम ८ मीटरचा गाळ आणि त्याच्याही खाली थेट ग्रॅनाइटसदृश मूळ खडक आढळला. खनिज तेल तयार होते ते सागरी गाळाच्या जाड थरांत गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांपासून. असे थर जिथे नाहीत, तिथे कितीही खोल गेले तरी तेल लागत नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या विंधनमंचाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली तेल शोधले, त्या मुंबई हायच्या तेलधारक चुनखडीखालीही हाच दख्खनचा बेसॉल्ट पसरलेला आहे. तिथे बेसॉल्टवर समुद्राने गाळ साचवला. मराठवाड्यात तोच पाषाण शेताच्या मातीखाली लगेच लागतो. त्यामुळे या दोन जिल्ह्यांपुढे तेलाचे विंधन की पर्यायी इंधन, असा प्रश्न स्वतःच्या भूमीपुरता कधी उभाच राहिला नाही. इंधन पिकवायचे तर ते शेतातच पिकवावे लागणार होते.

शेतातून मोटारीचे इंधन काढण्याची कल्पना भारतात नवी नव्हती. साखर तयार झाल्यावर उरणारी दाट, काळसर मळी आंबवून आणि ऊर्ध्वपातन करून मिळणारे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळावे, यासाठी १९४८ मध्ये केंद्राने 'इंडियन पॉवर अल्कोहोल' कायदा केला होता. पुढे स्वस्त आयात तेलाच्या काळात त्याचे महत्त्व ओसरले आणि २००० मध्ये तो रद्दही झाला. गंमतीचा नव्हे, तर विचारात टाकणारा योगायोग असा की, कायदा रद्द झाल्यानंतर वर्षभरातच, २००१ मध्ये, पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग सुरू झाले आणि त्यासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली होती. २००३ मध्ये ही योजना ९ राज्यांत लागू झाली. लातूर जिल्ह्यात विलासराव देशमुख यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मांजरा सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थांना यातून साखरेच्या जोडीला दुसरा आधार मिळाला. साध्या ऊर्ध्वपातनातून सुमारे ९५ टक्के शुद्धतेचे अल्कोहोल मिळते. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी त्यातले उरलेले पाणीही काढून टाकावे लागते, आणि या निर्जल अल्कोहोलालाच व्यवहारात इंधन इथेनॉल म्हणतात.

नांदेड जिल्ह्यात याच सुमारास एक वेगळा प्रयत्न झाला आणि तो या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे. २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टाटा केमिकल्सने येथे गोड ज्वारीपासून इथेनॉल तयार करणारा, दिवसाला ३० हजार लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला. गोड ज्वारी म्हणजे जिच्या ताटात उसासारखा साखरयुक्त रस साठतो अशी ज्वारी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने आणि पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट' या संशोधन संस्थेने तिच्यावर दीर्घकाळ काम केले होते. मराठवाड्याच्या दृष्टीने या पिकाचे महत्त्व उघड होते. ते पावसाच्या पाण्यावर सुमारे चार महिन्यांत येते. कणीस खुडून दाणे घरात भाकरीसाठी ठेवता येतात. ताट गाळपाला जाते आणि रस काढून उरलेला चोथा जनावरांना घालता येतो. म्हणजे अन्न, चारा आणि इंधन यांपैकी एकाची निवड करताना दुसऱ्यावर पाणी सोडावे लागत नव्हते.

तरीही हा प्रयोग दीर्घकाळ टिकला नाही, आणि त्याची कारणे बरीचशी पिकाच्या स्वभावातच होती. गोड ज्वारीचे ताट कापल्यावर त्यातील साखर झपाट्याने उतरते, त्यामुळे ते शक्यतो एका दिवसात चरकात जावे लागते. पाऊस संपताना सगळीकडे एकाच वेळी पीक तयार होते, म्हणून यंत्रांना वर्षातले थोडेच आठवडे काम मिळते. टनभर उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते, तर टनभर गोड ज्वारीपासून सुमारे ४० लिटर. शिवाय २००६ ते २०१० या काळात इथेनॉलचा खरेदी दर लिटरला २१.५० रुपये असा ठरलेला होता, आणि त्या दरात नव्या पिकाची जोखीम पेलणे अवघड होते. उसामागे मात्र सहकारी कारखाने, ऊसतोडीच्या टोळ्या, बँका आणि राजकारण अशी अनेक दशकांची व्यवस्था उभी होती. ज्वारीला तशी व्यवस्था कुणी दिली नाही, आणि तिचा पराभव केवळ रसाच्या गोडीवरून मोजणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल काढण्याचा मार्ग खुला केला. मिश्रणाचे प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. मळीपासून इथेनॉल निघत होते तोवर उसाला लागलेल्या पाण्याचा बराचसा भार साखरेच्या खात्यावर टाकता येत होता, पण रसच इंधनासाठी वापरला जाऊ लागल्यावर तो भार इंधनाच्या खात्यावर येतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असा हिशेब दिला आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागवण्यासाठी पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. या हिशेबाने तेवढ्या पाण्यात जेमतेम १७५ लिटर इथेनॉल, म्हणजे चार मोटारींच्या टाक्या भरतील इतके इंधन तयार होते. ती गाडी ज्या मिरजेहून निघाली, तिथेच पंधरा वर्षांपूर्वी इथेनॉल मिश्रणाचा प्रयोग झाला होता. मांजरा धरण आटते तेव्हा ऊस जगवण्यासाठी बेसॉल्टमध्ये बोअरमागून बोअर घेतले जातात, आणि विंधनातून मिळणाऱ्या तेलाला पर्याय म्हणून आणलेले इंधन अशा रीतीने शेतातल्या पाण्याच्या विंधनावर येऊन टेकते.

पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड देणारे आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवणारे संकरित, म्हणजे हायब्रिड वाहन इंधनाच्या या प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडते, कारण ते इंधनाचा प्रकार बदलण्याआधी त्याची गरजच घटवते. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली तेव्हापासून हे तंत्र सिद्ध झालेले आहे; जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला हायब्रिड आणि विजेच्या मोटारींच्या कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्कर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात सामंजस्य करार झाला, म्हणजे ते आता मराठवाड्याच्या दारात आले आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे केवळ मिश्रणाची टक्केवारी वाढवण्यापेक्षा प्रत्येक लिटरमध्ये अधिक अंतर कापणारे वाहन मराठवाड्याला अधिक हिताचे आहे. त्या जोडीला नांदेडमधील गोड ज्वारीचा अपुरा राहिलेला प्रयोग परभणीचे कृषी विद्यापीठ, साखर कारखाने आणि शासन यांनी मिळून पुन्हा हाती घ्यावा, आणि या वेळी इथेनॉलचा दर ठरवताना त्यात वाचलेल्या पाण्याची किंमतही धरावी.