स्पायसर विद्यापीठ, पुणे : विद्यार्थिजीवन

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाने चालवलेले, पुण्यात औंध रस्त्यावर असलेले छोटे निवासी विद्यापीठ. अधिकृत नाव स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ. पुणेकरांच्या तोंडी मात्र अजून ‘स्पायसर कॉलेज’च आहे. ही नोंद संस्थेच्या इमारती किंवा अभ्यासक्रम यांच्यापेक्षा तिथे राहून शिकणाऱ्या मुलामुलींच्या रोजच्या दिवसाबद्दल आहे, कारण या संस्थेचे वेगळेपण त्या दिवसातच सापडते.

मराठी वाचकाला ‘ख्रिस्ती कॉलेज’ म्हटले की मुंबईचे विल्सन किंवा सेंट झेवियर्स आठवते. त्या कॉलेजांत शिकलेल्या मराठी माणसांच्या पिढ्या आहेत. पण त्यांतले बहुतेक विद्यार्थी सकाळी घरून येत, तास करत आणि संध्याकाळी आपापल्या घरी, आपापल्या धर्मात परत जात. स्पायसरची कल्पना मुळातच निराळी. इथे विद्यार्थी राहतो, जेवतो, काम करतो, प्रार्थना करतो आणि आठवड्याचा एक अख्खा दिवस सगळ्यांबरोबर हातातले काम खाली ठेवतो.

संस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. ॲडव्हेंटिस्ट पंथाची रीतसर स्थापना अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक येथे 1863 मध्ये झाली. पंथाचा एक संपादक-प्रचारक विल्यम ॲम्ब्रोज स्पायसर 1898 मध्ये भारतात आला, कलकत्त्याला राहून त्याने पंथाचे मासिक चालवले आणि पुढे 1922 ते 1930 या काळात तो पंथाच्या जागतिक संघटनेचा अध्यक्ष झाला. दक्षिण भारतातल्या कार्यकर्त्यांना शिकवण्यासाठी 1915 मध्ये कोइमतूरला सुरू झालेली शाळा नंतर बंगळुरूला गेली. तिला 1937 मध्ये स्पायसरचे नाव मिळाले आणि 1942 मध्ये ती पुण्यात आली. 1955 पासून ‘स्पायसर मेमोरियल कॉलेज’ हे नाव रूढ झाले; 2014 मध्ये महाराष्ट्राच्या कायद्याने तिला खासगी विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

शुक्रवारची संध्याकाळ. इथला आठवडा समजायचा तर सोमवारपासून सुरुवात करून उपयोग नाही. शुक्रवारी दुपारनंतरपासून सुरुवात करावी. ॲडव्हेंटिस्टांचा शब्बाथ (मुले ‘सॅबथ’ म्हणतात) शनिवारी असतो, आणि बायबलमधल्या यहुदी गणनेप्रमाणे दिवस संध्याकाळी सुरू होतो. म्हणून शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा वेळ पवित्र. आपल्याकडे तिथी सूर्योदयावर धरतात; इथे दिवस सूर्य मावळताना उजाडतो, असे म्हणायला हरकत नाही.

आणि सूर्य काही घड्याळाला बांधलेला नाही. पुण्यात नोव्हेंबरच्या अखेरीस तो सहाच्या आधीच मावळतो, जूनच्या शेवटी सव्वासातपर्यंत रेंगाळतो. म्हणजे वर्षभरात शब्बाथची वेळ तासाहून जास्त पुढेमागे सरकते. बाहेरच्या जगात सूर्यास्ताची वेळ पंचांगात किंवा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पडून असते. इथल्या विद्यार्थ्याला ती बसच्या वेळेसारखी ठाऊक असावी लागते.

त्या वेळेआधी जे काही करायचे ते उरकायचे असते. ॲडव्हेंटिस्ट वसतिगृहातली शुक्रवारची दुपार म्हणजे नळापाशी बादल्यांची रांग, दोरीवर दाटीवाटीने वाळणारे शर्ट, इस्त्रीसाठी लावलेले नंबर. कुणी पायरीवर बसून बुटांना पॉलिश करते आहे, कुणी खोली झाडून चटया उन्हात टाकते आहे. धुतलेल्या केसांनी मुली घाईघाईने जिना चढतात. उद्याच्या जेवणाची मोठी तयारी स्वयंपाकघरात आजच होते. वह्या-पुस्तके बंद करून टेबलाच्या एका कडेला सरकवतात, कारण उद्या अभ्यासही नाही. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी घरात जी लगबग असते तीच इथे वर्षातून बावन्न वेळा होते. मग घंटा होते, आवार हळूहळू शांत होते, आणि ‘व्हेस्पर्स’ नावाच्या सायंप्रार्थनेला जाताना जो भेटेल तो ‘हॅपी सॅबथ’ म्हणतो. आठवड्याची कटकट, परीक्षेची भीती, उसनवारीची बोलणी या शब्दांपाशी थांबतात. विसाव्या वर्षी, डोक्यावर सबमिशनचा बोजा असताना, कुणीतरी आपल्याला ‘आज अभ्यास करू नकोस’ असे सांगावे, आणि एकट्याला नव्हे तर सगळ्यांनाच सांगावे, ही फार मोठी देणगी आहे. ज्यांनी ती घेतली त्यांना नंतरच्या नोकरीच्या धावपळीत तिची किंमत कळते.

शनिवार. सकाळी आधी सॅबथ स्कूल, मग मुख्य उपासना. सॅबथ स्कूल ही लहान मुलांची शाळा नव्हे. सर्व वयाची माणसे छोटे गट करून एक धडा वाचतात आणि त्यावर बोलतात. धड्याची पुस्तिका तीन महिन्यांची, साधारण तेरा धड्यांची असते आणि ती जगभर एकच असते. पुण्यातला विद्यार्थी ज्या शनिवारी जो धडा उघडतो तोच त्या दिवशी केनियात आणि मिशिगनमध्येही उघडलेला असतो. प्रवचनात ऐकून घ्यायचे असते. सॅबथ स्कूलच्या वर्तुळात बोलावे लागते, शंका विचारावी लागते. लाजाळू मुलाला सभेत पहिले वाक्य बोलायची सवय बऱ्याचदा इथेच लागते.

दुपार मोकळी: झाडाखाली बसणे, फिरायला जाणे, रुग्णांना भेटणे, गाणी म्हणणे. बाजारहाट नाही, खेळांचे सामने नाहीत. सूर्यास्ताला पुन्हा एकत्र प्रार्थना होते आणि आठवडा जगाला परत मिळतो. शनिवारची रात्र मग करमणुकीची. पंथात नाच वर्ज्य, त्यामुळे ॲडव्हेंटिस्ट शाळा-कॉलेजांत संगीताच्या तालावर जोडीजोडीने किंवा रांगेने मैदानात चालण्याचा ‘मार्च’ हा प्रकार रुजला. वर्षानुवर्षे एकमेकांकडे नुसते पाहणाऱ्या मुलामुलींना दोन शब्द बोलायची संधी त्यात मिळे. रविवारला इथे पावित्र्याचा मान नाही. तो इतर वारांसारखाच एक वार.

जेवण. कॅफेटेरिया शाकाहारी. पंथाच्या आरोग्यविचारात दारू आणि तंबाखू पूर्ण वर्ज्य आहेत, डुकराचे मांस बायबलच्या आज्ञेने निषिद्ध, आणि शाकाहाराची जोरदार शिफारस आहे. चहा-कॉफीही टाळावी असे सांगितलेले. दर चौकात अमृततुल्य असलेल्या शहरात चहावाचून वाढणारे कॉलेज ही पुण्याच्या दृष्टीने अपूर्वाईच. महाराष्ट्रातल्या किंवा तमिळनाडूतल्या मुलाला वरण-भाताचे ताट ओळखीचे असते. मिझोराम, मणिपूर, नागालँडहून आलेल्या मुलाला मात्र पहिले सहा महिने कठीण जातात. घरी जेवणात रोज मांस, आणि इथे डाळ, सोयाबीन, पालेभाजी. नव्या मुलाची घरची आठवण आधी जिभेवर येते.

या आहारविचारातून आलेला एक पदार्थ आवाराबाहेरच्या पुण्यातही पोचला. संस्थेच्या बेकरीचा गव्हाचा ब्राउन ब्रेड आणि पीनट बटर ही औंध-खडकीच्या कित्येक घरांची जुनी ओळख. पीनट बटरचा या पंथाशी असलेला संबंध खूप मागे जातो: बॅटल क्रीकच्या ॲडव्हेंटिस्ट आरोग्यधामाचे प्रमुख डॉक्टर जॉन हार्वी केलॉग यांनी मांसाला पर्याय म्हणून शेंगदाण्याचा लगदा करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी 1895 मध्ये अर्ज केला होता. ज्या महाराष्ट्रात दाण्याचे कूट घातल्याशिवाय काकडीची कोशिंबीर होत नाही, तिथे तोच दाणा अमेरिकेचा फेरा करून पावावर लावायला परत आला.

हातांचे काम. या संस्थांच्या शिक्षणविचाराचा पाया पंथाच्या एक संस्थापक एलन व्हाइट यांच्या लेखनात आहे. त्यांचे ‘एज्युकेशन’ हे पुस्तक 1903 चे. शरीर, बुद्धी आणि आत्मा यांची वाढ एकत्र व्हावी, आणि म्हणून विद्यार्थ्याने पुस्तकाइतकेच हातानेही काम करावे, हा त्यांचा आग्रह. त्यामुळे जगभरच्या ॲडव्हेंटिस्ट कॉलेजांबरोबर शेत, गोठा, छापखाना, बेकरी वाढत गेली. विद्यार्थी ठरलेले तास काम करतो आणि त्याचा मोबदला फीमध्ये वळता होतो. मुलांच्या भाषेत हे ‘लेबर’. कणीक मळणे, भांडी घासणे, बाग शिंपणे, ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयात टंकलेखन करणे, यांतले काहीही वाट्याला येते.

ज्या घरात पैसा नाही त्या घरच्या मुलासाठी ही व्यवस्था म्हणजे शिक्षणाचा दरवाजाच. पण तिचे मोल तेवढ्यापुरते नाही. आपल्या समाजात पदवी मिळाली की झाडू हातात धरायची गरज संपते, असा एक मुरलेला समज आहे. इथे मात्र धर्मशास्त्राचा उत्तम विद्यार्थी आणि कॅफेटेरियात परात घासणारा मुलगा एकच असू शकतो, आणि त्यात कुणाला विशेष काही वाटत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दारोदार आरोग्यविषयक आणि धार्मिक पुस्तके विकून पुढच्या वर्षाची फी जमवणे हीदेखील पंथातली जुनी वाट. खांद्यावर पिशवी, अनोळखी गाव, बंद होणारी दारे. अशा एका उन्हाळ्यात मूल जेवढे शिकते तेवढे वर्गात क्वचितच शिकते.

पाय धुण्याचा विधी. प्रभुभोजन बहुतेक ॲडव्हेंटिस्ट मंडळ्यांत तीन महिन्यांतून एकदा होते. भाकर बेखमीर, द्राक्षरस न आंबलेला. त्याआधी उपासक जोड्या करून एकमेकांचे पाय धुतात, योहानाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांचे धुतले तसे. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला. घमेल्यात कोमट पाणी, खांद्यावर टॉवेल. एक खुर्चीवर बसतो, दुसरा गुडघ्यांवर. पाणी ओंजळीने घोट्यावर सोडायचे, बोटांमधून हात फिरवायचा, टॉवेलने टिपायचे. मग दोघांनी जागा बदलायची. शेवटी एकमेकांसाठी छोटी प्रार्थना. सगळे मिळून पाच-सात मिनिटे.

हा विधी पंथाबरोबर जगभर गेला. पण भारतात त्याला वेगळेच वजन येते. कुणी कुणाच्या पायाला हात लावायचा, कुणाच्या हातचे पाणी चालते, याचे हिशेब या देशात शतकानुशतके मांडले गेले. तिथे एका तेलुगू मुलाने खासी मुलाचे पाय धुवायचे, प्राध्यापकाने विद्यार्थ्याचे धुवायचे, आणि ज्याच्याशी कालच भांडण झाले त्यालाच जोडीला बोलवायचे अशीही रीत आहे. स्पायसरच्या जीवनात पाहण्यासारखे एकच काही निवडायचे झाले, तर ही नोंद या घमेल्याकडे बोट दाखवील.

नियम. वसतिगृहप्रमुखाला वॉर्डन न म्हणता ‘डीन’ म्हणतात. मुलामुलींची वसतिगृहे वेगळी, रात्री परतण्याची वेळ ठरलेली, सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांना हजेरी. पोशाख साधा असावा, दागिने नसावेत अशी पंथाची परंपरागत अपेक्षा. नियम कडक आहेत आणि प्रत्येकाला ते रुचतात असे नाही. ज्याचा विश्वास अजून कच्चा आहे त्याला प्रार्थनेची सक्ती प्रार्थनेपासूनच दूर नेऊ शकते. हा प्रश्न सगळ्याच निवासी धार्मिक संस्थांना कधी ना कधी सोडवावा लागतो, आणि तिथे नियमावलीपेक्षा एखाद्या समजूतदार डीनचा जास्त उपयोग होतो.

भाषा आणि गाणे. शिक्षण इंग्रजीतून. खोल्यांतून मात्र तमिळ, तेलुगू, मल्याळम, मिझो, खासी, मणिपुरी कानी येते. परदेशातूनही, विशेषतः आफ्रिकेतून, विद्यार्थी आले आहेत. मराठी मुले तुलनेने थोडी. त्यांच्यासाठी नाशिक जिल्ह्यातले लासलगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यातले हातकणंगल्याजवळचे आळते इथल्या पंथाच्या शाळा हा ओळखीचा टप्पा. बाकीच्यांना मराठी भेटते ती गेटबाहेर, रिक्षावाल्याशी आणि भाजीवाल्या मावशींशी बोलताना; चार वर्षांत ‘किती झाले’ आणि ‘सुट्टे नाहीत’ एवढे तरी येतेच.

गाण्यात भाषा आड येत नाही. मिझो मुलांनी चार सुरांत गाणे हे ऐकण्यासारखे असते. वेल्श मिशनऱ्यांनी मिझोरामच्या डोंगरात टॉनिक सोल्फा ही अक्षरांची स्वरलिपी नेली, आणि तिथे गावोगावी लोक ती वाचून गाऊ लागले. आपल्या सारेगमशी तिचे नाते लगेच ध्यानात येते: दोन्हींत ‘सा’ कुठेही धरता येतो. फरक एवढाच की आपला गायक एकच सूर खोल नेतो आणि ते चार सूर एकाच वेळी शेजारी ठेवतात.

परीक्षा आणि प्रवास. आवाराबाहेर पडल्यावर शनिवार अडतो. एखादी स्पर्धा परीक्षा किंवा नोकरीची मुलाखत शनिवारी आली की ॲडव्हेंटिस्ट विद्यार्थ्यापुढे खरा पेच उभा राहतो. कुणी अर्ज करून वेळ बदलून मागतो, कुणी ती संधी सोडून देतो, आणि तिचे मोल नंतर पुष्कळ वर्षे मनात मोजत राहतो.

घरी जातानाही वार मोजावा लागतो. ईशान्येकडच्या मुलाला पुण्याहून हावडा, तिथून गुवाहाटी, पुढे डोंगरातली बस असा चार-पाच दिवसांचा प्रवास असतो. शब्बाथ रेल्वेच्या डब्यात जाऊ नये म्हणून शक्यतो रविवारी निघायचे, म्हणजे शुक्रवारच्या आत घर गाठता येते. डिसेंबरात ऐझॉलला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, पुण्यात सहाला. तिकडे आईने चूल आवरून दिवा लावलेला असतो, तेव्हा मागे वसतिगृहात राहिलेली मुले अजून कपड्यांना इस्त्री करत असतात.