फौजेचा पगार आणि आमचं वऱ्हाड

पगार जमा झाल्याचा मेसेज आला की आपण खूश! तो पैसा मुळात कुणाच्या खिशातून आला, हे कोण बघतं? पण आमच्या मालेगावचा (वाशीमचं बरं का, नाशिकचं नव्हे!) इतिहास एका फौजेच्या पगारानेच बदललाय.

वऱ्हाड तेव्हा निजामाचं. त्याच्या राज्यातल्या 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेचे अधिकारी इंग्रज, पगार मात्र निजामाने द्यायचा. त्याची तिजोरी रिकामी, म्हणून पगार थकायचे. मग कंपनी सरकार पैसे भरायचं आणि निजामाच्या नावावर कर्ज मांडायचं.

घोडदळात शिलेदारी पद्धत होती. घोडा स्वाराचा स्वतःचा, दाणा-वैरणही त्याच्याच पगारातून. आजच्यासारखे वेगळे भत्ते वगैरे नाहीत. पगार थकला की माणसाबरोबर घोडाही उपाशी!

शेवटी १८५३ साली डलहौसीच्या काळात तह झाला. ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि तोफखान्याच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० मध्ये ५० लाखांचं कर्ज माफ झालं, बाकीचे दोन भाग परत मिळाले. वऱ्हाड नाही! कापसाचा मुलूख कोण सोडतो?

१९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमचं भाड्याने घेतलं. पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन! म्हणजे ज्या फौजेच्या पगारासाठी मुलूख घेतला ती फौजच उरली नाही, मुलूख मात्र इंग्रजांकडेच राहिला.

शिपायाला पगार वेळेवर मिळायलाच हवा, त्यात वाद नाही. पण तो ज्याच्या शेतसाऱ्यातून निघत होता, त्या वऱ्हाडी शेतकऱ्याला कुणी विचारलं होतं?