नळीतून बाहेर पडलेले निसर्गचित्र

निमगाव केतकीचे पानमळे मागे टाकून उजनी धरणाच्या फुगवट्यावर जावे, काठावर तैलरंगांची पेटी उघडावी आणि समोरचे पाणी रंगवायला बसावे, यात आज कोणाला नवल वाटत नाही. १८४१ पूर्वी मात्र हा मोठा खटाटोप होता. रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटायची, डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरायची आणि तोंड दोऱ्याने आवळायचे. टोचून रंग काढला की भोक नीट बुजत नसे, प्रवासात पिशवी फुटेही. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल याच्यासारखे चिवट लोक सोडले, तर तैलचित्रकार बाहेर टिपणे काढत आणि चित्र खोलीत पुरे करत.

१८४१ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने कथलाच्या दाबायच्या नळीचे पेटंट घेतले. हा स्वतः माणसांचे चेहरे रंगवणारा; फायदा झाला नदीकाठांचा! १८६९ मध्ये सेन नदीवर ला ग्रेनुयेर इथे मोने आणि रन्वार हे फ्रेंच चित्रकार शेजारी-शेजारी बसले. पाण्याला एकच निळा न देता त्यांनी लाटेचा उजेड वेगळा, सावली वेगळी, अशा आडव्या, तुटक फटकाऱ्यांनी ते मांडले. खालचा रंग ओला असतानाच वरचा लावायचा, कारण ऊन थांबत नाही. त्यांच्या १८७४ च्या प्रदर्शनानंतर एका टीकाकाराने चेष्टेने दिलेले नावच या पंथाला चिकटले. आपण त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतो.

आपल्याकडे १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलने हुबेहूब चित्रणाची शिस्त लावली. तिथेच शिकलेल्या आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरात रंकाळ्याचा उजेड रंगवला. इंदूरला देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे शिकले, तर मुंबईत १९३० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ऑस्ट्रियाच्या वॉल्टर लँगहॅमर यांच्या मोकळ्या रंगलेपनाने रझांसारख्या तरुणांना भुरळ घातली. मला या सगळ्यांत आबालाल जवळचे वाटतात. त्यांचे पाणी आपल्या उन्हातले आहे.

उजनीचे पाणी तर रंकाळ्याहून नवे. धरण १९८० मध्ये पुरे झाले. पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते. शिकणाऱ्याने ते सकाळी लवकर रंगवावे. कॅनव्हास छोटा घ्यावा, ब्रश रुंद. सावलीत निळा-जांभळा शोधावा, आणि पहिले काही महिने तरी काळ्याची नळी घरीच ठेवावी.