जीव वाचला, मग पुढे? वृषणाच्या कॅन्सरच्या उपचारांची गोष्ट

आजचा विषय आपल्याकडे चारचौघांत निघत नाही. घरातही निघत नाही. वृषणाचा, म्हणजे अंडकोषातल्या गोळीचा कॅन्सर. हा आजार मुख्यतः विशी-तिशीतल्या पुरुषांना गाठतो. लग्न, मुलंबाळं सगळं पुढे असतं, नेमकं तेव्हा. म्हणून ‘वाचेन का?’ याच्या पाठोपाठ ‘बाप होईन का?’ हा प्रश्न येतोच. पण हा दुसरा प्रश्न विचारण्याची सोय फार जुनी नाही. ती कशी आली, ते आज सांगतो.

सुरुवात होते अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात. साल 1965. बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणू मरेनात, पण त्यांचं विभाजन थांबलं आणि ते दोऱ्यासारखे लांबत गेले. मग उलगडा झाला की हे काम विजेचं नाहीच! विजेसाठी बुडवलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेला प्लॅटिनम द्रावणातल्या क्षारांशी मिसळून एक संयुग तयार झालं होतं, त्याची ही करामत. विभाजन थांबवणारं रसायन म्हटल्यावर कॅन्सर आठवणारच. हेच ते सिसप्लॅटिन.

1974 मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न या तरुण डॉक्टरने सिसप्लॅटिनला आणखी दोन औषधांची जोड दिली. जॉन क्लिलँड नावाच्या तरुणावर आधीचे उपचार हरले होते. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. या नव्या मिश्रणाने तो बरा झाला आणि पुढे शाळेत जीवशास्त्र शिकवू लागला. त्याआधी पसरलेल्या आजारातून दहांतला एखादाच वाचायचा. आज दहांतले आठ वाचतात. आपल्या युवराज सिंगवर 2012 मध्ये इंडियानापोलिसला ज्यांनी उपचार केले, ते हेच आइनहॉर्न. युवराजची गाठ छातीत होती, पण जात याच कुळातली.

आता या औषधाची किंमत बघा. सुरुवातीच्या रुग्णांना उलट्या इतक्या व्हायच्या की काहींना उपचार सोडावेसे वाटायचे. त्यावर चांगली औषधं आली ती 1990 च्या दशकात. मूत्रपिंडं बिघडायची, म्हणून शिरेतून भरपूर सलाइन देण्याची पद्धत बसली. कानात गुणगुण, बोटांना मुंग्या येणं, हे काहींना कायमचं राहतं.

आणि अपत्याचं काय? इथे दोन वेगळ्या वाटांनी अडचण यायची. पहिली शस्त्रक्रियेची. पोटाच्या मागच्या बाजूच्या लसिका ग्रंथी काढताना तिथल्या बारीक नसा कापल्या जायच्या. इच्छा शाबूत, ताठरता शाबूत, पण वीर्य बाहेरच पडायचं नाही. आइनहॉर्न यांचे सहकारी सर्जन जॉन डोनोह्यू आणि इतरांनी 1980 च्या दशकात या नसा ओळखून जपण्याचं तंत्र बसवलं. मला या गोष्टीतला हा टप्पा सगळ्यांत मोलाचा वाटतो. रुग्ण जगू लागले, म्हणून तर त्यांचं पुढचं आयुष्य सर्जनच्या सुरीला दिसू लागलं.

दुसरी वाट केमोची. केमोने शुक्राणू बनणं बंद पडतं. बऱ्याच जणांत ते दोन ते पाच वर्षांत पुन्हा सुरू होतं, पण सगळ्यांत नाही. कोणाचं होईल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. शिवाय या आजारात अनेकांचे शुक्राणू उपचारांआधीच कमी असतात.

यावर उपाय मात्र जुना आहे. ग्लिसरीनमुळे शुक्राणू गोठवूनही जगतात, हे इंग्लंडमध्ये 1949 साली कळलं. 1953 मध्ये अमेरिकेतल्या आयोवात गोठवलेल्या शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्या. तरी मोजकेच शुक्राणू असले तर काय, हा प्रश्न उरलाच. 1992 मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून गर्भ राहिल्याचं जाहीर केलं आणि तोही सुटला. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने 1996 मध्ये केमोआधी वीर्य साठवलं होतं. 1999 मध्ये त्यातूनच त्याला मुलगा झाला.

म्हणजे हत्यारं सगळी आहेत. अडतं ते वेळेवर. वीर्य साठवायचं ते केमोच्या पहिल्या सलाइनच्या आधी, आणि तेव्हा घरात रडारड चालू असते. वीस वर्षांचा मुलगा, शेजारी आई-वडील, समोर डॉक्टर. हा विषय काढणार कोण? मुलगा लाजतो. आई-वडिलांना वाटतं, आधी जीव वाचू दे. डॉक्टरांपुढे रांग असते. ते दोन-तीन दिवस निसटले, की मग नशिबावर हवाला.

म्हणून मंडळी, एवढं लक्षात ठेवा. गाठ लागली, दुखत नसली तरी, दाखवून घ्या. एक वृषण काढलं म्हणून कोणी आपोआप वांझ होत नाही. आणि केमोची तारीख ठरताना एक वाक्य बोला: ‘डॉक्टर, त्याआधी वीर्य साठवायचं का?’ मुलगा बोलत नसेल तर काका-मामा कोणीतरी बोला.

आजच्यापुरतं इतकंच. हा भाग घरातल्या तरुण पोरांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात.