अमेरिकन फुटबॉल : विकसन-लीग व तिचे भवितव्य

होतकरू, अथवा मुख्य संघातून वगळल्या गेलेल्या, खेळाडूंना वेतन देऊन प्रत्यक्ष सामन्यांच्या अनुभवाने प्रथम श्रेणीस पात्र करावयाचे, अशा हेतूने चालविल्या जाणाऱ्या दुय्यम व्यावसायिक स्पर्धामालिकेस विकसन-लीग म्हणतात. विदर्भाचा रणजी संघ ज्या नियामक मंडळाच्या छत्राखाली खेळतो तेच मंडळ राष्ट्रीय संघही निवडीत असल्यामुळे क्रिकेटमध्ये शिक्षणाचा खर्च व त्याचे फळ ही एकाच जमाखर्चात पडतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशी स्थिती असून या लीगांच्या अल्पायुष्याचे मुख्य कारण तेच होय.

बत्तीस संघांच्या नॅशनल फुटबॉल लीगला तयार खेळाडू विद्यापीठांकडून आयते मिळत आले. तिच्या आश्रयाने १९९१ मध्ये सुरू झालेली वर्ल्ड लीग १९९२ च्या हंगामानंतर थांबली, १९९५ मध्ये केवळ युरोपपुरती पुन्हा उभी राहिली, आणि २००७ मध्ये तोट्यापायी कायमची बंद झाली. तथापि अ‍ॅम्स्टरडॅमच्या संघातून १९९८ मध्ये खेळलेला कर्ट वॉर्नर दोन वर्षांच्या आत सुपर बोलचा, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा दाखला अशा लीगचे समर्थक आजही पुढे करतात. २०१९ ची अलायन्स लीग पहिलाच हंगाम पुरा करू शकली नाही. एक्सएफएल व यूएसएफएल या दोन लीगांच्या विलीनीकरणातून २०२४ मध्ये सुरू झालेली युनायटेड फुटबॉल लीग सध्या वसंत ऋतूत खेळविली जाते. परंतु २०२५ पासून विद्यापीठेच खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागल्याने चांगला खेळाडू तेथेच अधिक काळ रमेल, आणि दुय्यम लीगच्या वाट्यास उरलेसुरलेच येतील, असा रंग दिसतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध आला तो एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियामुळे. २०११ मध्ये गाजावाजा करून जाहीर झालेल्या, आणि वॉर्नर, माजी प्रशिक्षक माइक डिट्का यांच्यासारख्यांचे पाठबळ लाभलेल्या या लीगमध्ये पुणे मराठाज व मुंबई ग्लॅडिएटर्स हे दोन संघ महाराष्ट्राचे होते. रग्बी व इतर खेळांतून निवडलेल्या तरुणांना हेल्मेट व खांद्यांची जड कवचे चढवून सामने खेळविले गेले ते मात्र २०१२ मध्ये कोलंबोस; चित्रित केलेले ते सामने पुढे दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले, आणि विजेतेपद पुण्याने मिळविले. ज्या नगराचे नाव संघाने धारण केले त्या नगरातील प्रेक्षकांस आपला संघ घरच्या मैदानावर पाहावयास मिळू नये, हा प्रकार चमत्कारिकच म्हटला पाहिजे. शाळा नाही, महाविद्यालय नाही, आणि एकदम लीग. पाया घालण्यापूर्वीच कळस बसविण्याचा हा उद्योग टिकला नाही, यात नवल ते काय?

पाया वस्तीतील मैदानावरच घालावा लागतो; त्यासाठी नागपुरात वर्धा मार्गाशेजारी, रेल्वेरुळांपलीकडे पसरलेल्या मनीषनगराचे उदाहरण घेतले तर अडचण व तोड दोन्ही ध्यानात येतात. पूर्ण खेळाचे मैदान ३६० × १६० फूट, म्हणजे सव्वा एकराहून अधिक. ले-आउटातील राखीव खुल्या जागेत ते क्वचितच बसेल. फ्लॅग फुटबॉलला, म्हणजे धक्काबुक्की वर्ज्य करून प्रतिस्पर्ध्याच्या कमरेची पट्टी ओढून त्यास थांबविण्याच्या, पाच-पाच खेळाडूंच्या प्रकाराला, टोकांच्या पट्ट्यांसह २१० × ७५ फूट जागा पुरते. कवचही लागत नाही, आणि मुलींना मज्जाव नाही. या प्रकारास २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रवेश देण्याची मंजुरी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १६ ऑक्टोबर २०२३ रोजी दिली, ती मुंबईच्याच अधिवेशनात. परंतु त्याच ठरावाने क्रिकेटही ऑलिंपिकमध्ये परतल्यामुळे आपल्याकडे या बाबीची दखल फारशी कोणी घेतली नाही.

सबब, भारतापुरते पाहता, शाळांतून व वस्त्यांतील मैदानांतून फ्लॅग फुटबॉल रुजेपर्यंत व्यावसायिक विकसन-लीगचा विचार निदान एक पिढी तहकूब ठेवणेच इष्ट होय.