फेरबदल केलेल्या जुन्या मोटारगाडीची विक्री

फेरबदल केलेल्या जुन्या मोटारगाडीची विक्री म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर जिच्या इंजिनात, चाकांत, सायलेन्सरमध्ये, रंगात किंवा अंतर्भागात मालकाने बदल करून घेतले आहेत, अशा वापरलेल्या गाडीच्या मालकीचे हस्तांतर होय. भारतात हा व्यवहार मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या चौकटीत होतो. पैसे आणि किल्ली यांची देवघेव झाली की गाडी विकली गेली, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र नोंदणीत नाव बदलेपर्यंत अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी जुन्या मालकावरच राहते.

== पार्श्वभूमी ==
खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणता येतील अशा गाड्या भारतात थोड्या व महाग आहेत. त्यामुळे वेगाची आवड असणारे अनेक जण शक्तिशाली इंजिनाची छोटी गाडी घेऊन तिच्यात फेरबदल करतात. अशा काही गाड्या महाराष्ट्रातच तयार झाल्या. पुण्याजवळील रांजणगाव येथील कारखान्यात तयार होणारी फियाटची अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली. तिचे १.४ लिटरचे टर्बो इंजिन सुमारे १४५ अश्वशक्तीचे होते. चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. या गाड्या आता केवळ जुन्या बाजारातच मिळतात. त्यामुळे नीट राखलेल्या गाडीला चाहत्यांमध्ये मागणी असते.

== फेरबदलांची कायदेशीर मर्यादा ==
अधिनियमाच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतील बदल, अशी 'फेरबदला'ची व्याख्या या कलमात दिली आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी इंजिनात करायच्या बदलांना विहित अटींवर मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात निकाल देताना, मूळ तपशिलाशी विसंगत असे रचनात्मक बदल करता येणार नाहीत, हे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अनधिकृत फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो. म्हणून तो बदलल्यास तशी नोंद करून घ्यावी लागते. काचांमधून पुढे व मागे किमान ७० टक्के आणि बाजूंनी किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे. कर्णकर्कश सायलेन्सरवर वाहतूक पोलीस कारवाई करतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांत जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्यात आले आहेत. याउलट आसनांची आवरणे किंवा संगीतयंत्रणा यांसारख्या बदलांनी गाडीची रचना बदलत नाही.

== मालकीचे हस्तांतर ==
कलम ५० नुसार विक्रेत्याने विक्रीनंतर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला हस्तांतराची माहिती द्यावी आणि खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नाव बदलण्यासाठी अर्ज करावा, अशी तरतूद आहे. त्यासाठी अनुक्रमे नमुना २९ व नमुना ३० वापरतात. गाडीवर बँकेचे कर्ज असल्यास बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. वैध विमा आणि पीयूसी प्रमाणपत्रही सोबत असावे लागते.

विमा पॉलिसी खरेदीदाराच्या नावे करता येते. मात्र दावा न केल्याबद्दल मिळालेली नो क्लेम बोनस ही सवलत गाडीबरोबर न जाता जुन्या मालकाकडेच राहते. फेरबदल विमा कंपनीला कळवलेले नसल्यास गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो.

== विक्रीनंतरचे उत्तरदायित्व ==
स्टॅम्पपेपरवर करार करायचा, कोऱ्या नमुन्यांवर सह्या द्यायच्या आणि गाडी सोपवायची, ही पद्धत रूढ आहे. असे सही केलेले नमुने घेऊन गाडी कधी कधी तीन-चार हातांतून फिरते. नोंदणीत मात्र पहिलेच नाव राहते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात नेमके हेच घडले होते. २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे आणखी हस्तांतरित झाली आणि २००९ मध्ये तिने झालेल्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी कलम २(३०) मधील 'मालक' या व्याख्येचा आधार घेऊन, अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच भरपाईस जबाबदार ठरतो, असा निर्णय दिला. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने खऱ्या ताबेदाराचा शोध घेत फिरावे, हे न्यायालयाला मान्य नव्हते.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांना प्राधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी त्यांच्याकडे सोपवल्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते आणि त्यानंतर त्या विक्रेत्याला गाडीचा मालक मानले जाते.

== नागपूरमधील व्यवहार ==
नागपुरात एमएच ३१, एमएच ४० आणि एमएच ४९ असे तीन नोंदणी संकेतांक आहेत. ते अनुक्रमे नागपूर शहर, नागपूर ग्रामीण आणि पूर्व नागपूर या कार्यालयांचे आहेत. वर्धा मार्गालगतच्या मनीषनगरसारख्या वस्तीतील विक्रेत्याला आपली गाडी यांपैकी कोणत्या कार्यालयात नोंदलेली आहे, हे प्रथम पाहावे लागते. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हे मध्य प्रदेशातील जिल्हे जवळ असल्याने खरेदीदार परराज्यातील असू शकतो. अशा वेळी मूळ कार्यालयाकडून नमुना २८ मध्ये ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणे महाराष्ट्रात बंधनकारक करण्यात आले आहे.

== किंमत ==
फेरबदलांवर झालेला खर्च विक्रीच्या वेळी क्वचितच पूर्ण वसूल होतो. कारण एकाची आवड दुसऱ्याची असेलच असे नाही. इंजिनाची संगणकीय आज्ञावली बदलून शक्ती वाढवलेली असल्यास क्लच, गिअरबॉक्स व टर्बो यांच्यावर अधिक ताण पडतो, म्हणून जाणकार खरेदीदार त्यांची स्वतंत्र तपासणी करवून घेतात. देखभालीच्या अखंड पावत्या, मूळ मालकाचे एकच नाव, काढून जपून ठेवलेले मूळ सुटे भाग आणि नोंदणीशी जुळणारा तपशील या गोष्टींनी किंमत वाढते. नवीन खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे नोंदणीची किती वर्षे उरली आहेत, यालाही सौद्यात महत्त्व असते.