पॅरिशच्या पेटीतील पूर्वज

अठराव्या शतकातील एखाद्या इंग्रज शेतमजुराची वंशावळ जुळवू पाहणाऱ्या अभ्यासकास प्रथम हे ध्यानी घ्यावे लागते की, जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी त्या देशात 1 जुलै 1837 पूर्वी नव्हती, आणि तोवर सामान्य माणसाच्या अस्तित्वाचा जो लेखी पुरावा उरला, तो बहुधा गावच्या पाद्र्याच्या लेखणीतून उतरलेला आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवण्याचा आणि ती कुलपाच्या पेटीत जपण्याचा हुकूम फर्मावला. पुढे 1598 पासून तिची वार्षिक नक्कल बिशपच्या दफ्तरी रवाना करण्याचा दंडक पडला, आणि मूळ वही ओलीने वा उंदरांनी नष्ट झाली असता हीच नक्कल अभ्यासकाच्या कामी येते.

या वह्यांतील कालगणना मात्र सावधपणे वाचावी लागते. 1752 पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्षाचा आरंभ 25 मार्चला होत असे. त्यामुळे मे 1740 मध्ये विवाहबद्ध झालेल्या दांपत्याच्या अपत्याचा बाप्तिस्मा त्याच वहीत फेब्रुवारी 1740 खाली आढळला, तर त्या मातेवर विवाहपूर्व प्रसूतीचा आरोप करण्यापूर्वी तो फेब्रुवारी आपल्या गणनेने 1741 चा आहे, हे स्मरणात ठेवणे हे अभ्यासकाचे कर्तव्यच होय. लॉर्ड हार्डविकचा विवाहविषयक कायदा 25 मार्च 1754 रोजी अमलात आल्यावर वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या आवश्यक झाल्या, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी केलेली फुलीची निशाणी हीच कित्येकदा त्यांच्या हातची एकमेव खूण म्हणून शिल्लक राहिली. वंशाचा एखादा धागा गावात अकस्मात तुटला, तर तो कधी कंपनी सरकारच्या चाकरीतही सापडतो. कारण मुंबईच्या सेंट थॉमस चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्म्यांच्या व दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठविल्या जात.

परंतु त्या पेटीतील खरे धन, माझ्या मते, या वह्यांत नसून गरिबांच्या बंदोबस्ताच्या कागदांत आहे. 1662 च्या कायद्याने निराधारास पोसण्याचा भार त्याच्या हक्काच्या पॅरिशवर टाकला. तो हक्क जन्माने, उमेदवारीने, अविवाहित असता पूर्ण वर्षभर केलेल्या चाकरीने अथवा वार्षिक 10 पौंड भाड्याची जागा धारण केल्याने मिळे, आणि स्त्रीस विवाहानंतर पतीचा हक्क प्राप्त होई. परगावाहून आलेला मजूर आजारी पडला वा एखादी स्त्री लेकरांसह विधवा झाली, की आपल्या पॅरिशवर खर्च पडू नये या चिंतेने तेथील अधिकारी त्यांना न्यायाधिकाऱ्यांपुढे उभे करीत आणि जबानी लिहून घेत: जन्म कोठला, चाकरी कोणाकडे केली, लग्न कोठे झाले, मुले किती व किती वर्षांची. हक्क दुसऱ्या गावचा ठरला, तर दोन न्यायाधिकाऱ्यांच्या हुकुमाने साऱ्या कुटुंबास तिकडे पाठवीत. ज्या माणसाला वहीत जेमतेम एक ओळ लाभली, त्याचे संपूर्ण जीवनवृत्त अशा प्रकारे त्याच्या दारिद्र्यामुळे कागदावर आले, या गोष्टीची खंत मला ते वाचताना दर वेळी वाटते. तरीही ही जबानी नसती, तर त्याच्या भटकंतीचा मागमूसही आपणांस लागला नसता.

अविवाहित मातेची कथा याहून कठोर आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिच्या मुलाच्या पित्याचे नाव बहुधा कोरेच असे. परंतु त्या मुलाच्या पोषणाचा खर्च पॅरिशवर येऊ नये म्हणून तिला शपथेवर पित्याचे नाव सांगण्यास भाग पाडले जाई, आणि त्या पुरुषाकडून खर्चाच्या हमीचा मुचलका लिहून घेतला जाई. म्हणून ज्यास वहीत पित्याच्या जागी रिकामी जागा आढळेल, त्याने शोध तेथेच न थांबवता गरिबांच्या देखरेख्याचे जमाखर्च आणि असे मुचलके यांचे दफ्तर उघडावे. हे कागद आज बहुतेक ठिकाणी त्या त्या परगण्याच्या अभिलेखागारात जपून ठेवलेले आहेत.